कात्रीच्या अलीकडे आणि पलीकडे
मुंबईच्या पडद्यावरील अखंड चित्रणाचा इतिहास

चित्रपट पाहताना आपण कथा पाहतो, नटनटी पाहतो, गाणी ऐकतो; परंतु जी वस्तू या सर्वांना एकत्र बांधते ती कात्री मात्र आपल्या नजरेस पडत नाही. ती पडू नये अशीच योजना असते. दोन तासांच्या चित्रपटात शेकडो, कधी हजारांहून अधिक तुकडे एकमेकांस जोडलेले असतात, आणि तरीही आपण एक सलग हकिगत पाहिली असे समजून घरी जातो. ही किमया मोठीच आहे. पण तिच्या शेजारी दुसरी एक किमया उभी आहे, आणि तिचाच विचार आम्हांला येथे करावयाचा आहे. ती म्हणजे न कापण्याची. कॅमेरा सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत जे एका दमात टिपले जाते त्यास चित्रपटवाले 'टेक' म्हणतात. असा टेक जेव्हा नेहमीच्या काही सेकंदांऐवजी मिनिटामिनिटांचा होतो आणि दिग्दर्शक त्यास कात्री लावण्याचे नाकारतो, तेव्हा त्याला 'लाँग टेक' म्हणतात. 'लाँग शॉट' निराळा. तेथे लांबी अंतराची असते. येथे लांबी काळाची आहे. आपण त्याला 'अखंड चित्रण' म्हणू.

हा विषय परदेशी आहे, असे पुष्कळांना वाटेल. या विषयावरील ग्रंथांत वेल्स, हिचकॉक, मिझोगुची, तार्कोव्हस्की हीच नावे पुन्हा पुन्हा येतात. पण हा इतिहास समजून घेण्यासाठी आपणांस गिरगावाहून फार दूर जावे लागत नाही. एका टोकास काळा घोडा, दुसऱ्या टोकास दादर आणि मध्ये गिरगाव, ग्रँट रोड, लालबाग, परळ एवढ्या पट्ट्यात या कलेची सारी वळणे घडलेली आहेत. अखंड चित्रण येथे प्रथम नाइलाज म्हणून आले, मग सवय म्हणून राहिले, मग पुन्हा नाइलाज झाले, मग नाहीसे झाले आणि अखेरीस निवड म्हणून परत आले. नाइलाज आणि निवड यांतील अंतर हाच आमच्या विवेचनाचा गाभा आहे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलात लुमिएर बंधूंच्या माणसाने, मारियुस सेस्तिए याने, सहा छोटे चित्रपट दाखवले. प्रवेशाचा दर एक रुपया होता. स्टेशनात येणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, पाडली जाणारी भिंत असे त्यांचे विषय होते. यांतील प्रत्येक चित्रपट सुमारे पाऊण मिनिटाचा होता. कारण लुमिएरच्या पेटीत सुमारे सतरा मीटर फिल्म मावे, आणि हाताने फिरवल्यावर ती तेवढ्या वेळात संपून जाई. फिल्म संपली की चित्रपट संपला. जोडणे नाही, कापणे नाही. म्हणजे जगातला पहिला चित्रपट हाच मुळी एक अखंड टेक होता. ज्याला आज आपण धाडसी शैली म्हणतो तो त्या यंत्राचा साधा स्वभाव होता.

हे खेळ पाहिलेल्यांपैकी एक हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा. ते छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. १९०१ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून रँग्लर होऊन परतले, तेव्हाचे त्यांचे स्वागतही सावेदादांनी टिपले. कुस्ती आणि स्वागत हे विषय त्यांनी का निवडले असतील, याचा क्षणभर विचार करावा. कुस्तीला स्वतःचा आरंभ असतो, स्वतःचा शेवट असतो. मिरवणुकीचेही तसेच. कॅमेरा एके जागी ठेवून फिरवीत राहिले की घटना आपली आपण पुरी होते. कात्रीचा शोध लागण्यापूर्वीच्या कॅमेऱ्याला असेच विषय हवे असत, जे स्वतःहून संपतात. सावेदादांची ही चित्रे आज उपलब्ध नाहीत, याची हळहळ वाटते ती केवळ पहिलेपणाच्या मानासाठी नव्हे. त्या काळच्या मुंबईचा एक न कापलेला मिनिट त्यांत होता. वर्णने पुष्कळ उरली. तो मिनिट गेला.

यानंतर आपण गिरगावात येतो. १८ मे १९१२ रोजी कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' दाखवला गेला. एका नाटकाचे ते चित्रण होते. कॅमेरा एका जागी, प्रेक्षकाच्या खुर्चीवर बसल्यासारखा. चित्रण करणारा गृहस्थ इंग्रज होता आणि फिल्म लंडनला धुतली गेली. त्याच चित्रगृहात एका वर्षाच्या आत, ३ मे १९१३ रोजी, धुंडिराज गोविंद फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. पहिला भारतीय कथाचित्रपट कोणता, हा वाद आजही अधूनमधून उठतो, आणि बहुधा तो साहेबाच्या कॅमेऱ्यावर व लंडनच्या प्रयोगशाळेवर येऊन थांबतो. आमच्या मते खरा भेद निराळा आहे. 'पुंडलिक' हा नाटकाचा काळ जसाच्या तसा पेटीत भरण्याचा प्रयत्न होता. 'हरिश्चंद्र'मध्ये चित्रपटाने स्वतःचा काळ घडवण्यास आरंभ केला.

फाळक्यांची तयारी कशी झाली हे पाहिले तर हा भेद स्वच्छ दिसतो. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी एक लहानसा प्रयोग केला. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला, आणि महिनाभर थोड्या थोड्या अंतराने एकेक चौकट टिपून रोपट्याची सारी वाढ एखाद्या मिनिटात बसवली. हे अखंड चित्रणाच्या अगदी उलट टोक झाले. लुमिएरच्या पेटीत मिनिटाचा मिनिटच राहत होता. फाळक्यांनी महिन्याचा मिनिट केला. काळ हा हातातल्या कणकेसारखा मळता येतो, हे ज्या दिवशी त्यांच्या ध्यानात आले त्या दिवशीच आपल्याकडे कात्री जन्मास आली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

दादरच्या मथुरा भवनात 'हरिश्चंद्र'चे काम झाले. ३,७०० फूट लांबीच्या त्या चित्रपटाचा जो भाग आज पाहावयास मिळतो त्यात कॅमेरा जवळजवळ हलत नाही. राजा रोहिदासाला धनुर्विद्या शिकवतो, तारामती शेजारी आहे, माणसे बाजूने येतात आणि जातात. मांडणी रंगभूमीची आहे. पण चमत्कार घडावयाचा असला की फाळके कॅमेरा थांबवीत, माणसे बदलीत आणि पुन्हा फिरवू लागत. प्रेक्षकाला अखंड वाटणाऱ्या दृश्यात अशी एक गुप्त फट असे, आणि देव त्याच फटीतून प्रकट होत! या कामात सरस्वतीबाई फाळक्यांचा वाटा थोडा नव्हता. फिल्मच्या पट्टीला भोके पाडणे, ती धुणे, आणि एवढ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सारे त्या पाहत. आज जिला दादासाहेब फाळके मार्ग म्हणतात त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना, एका घराच्या स्वयंपाकघराशेजारी हा उद्योग जन्मला, हे सहसा आठवत नाही.

मात्र फाळक्यांच्याच हातून एक विलक्षण अखंड दृश्यही घडले आहे. १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. चित्रपटाच्या आरंभी कथा सुरू होण्याआधी, सात वर्षांच्या मुलीने केलेला मुद्राभिनय, अशी पाटी देऊन तिचा चेहरा समोर येतो. राग, हसू, भय, विस्मय असे भाव एकामागून एक तिच्या मुखावर उमटत जातात. येथे कॅमेरा थांबला आहे तो तंत्र तोकडे होते म्हणून नव्हे. सहा-सात वर्षे कात्री चालवलेल्या माणसाने जाणून घेतलेला हा थांबा आहे. भाव बदलताना दाखवावयाचा असेल तर बदलण्याची क्रिया दिसली पाहिजे. राग एका तुकड्यात आणि हसू दुसऱ्या तुकड्यात दाखवले तर ती दोन चित्रे झाली. रागाचे हसू होताना दिसले तरच तो अभिनय झाला. अखंड चित्रणाचे पहिले तत्त्व आम्हांस येथे सापडते.

दुसरे तत्त्व परळच्या कामगार-प्रेक्षकाला पुस्तकावाचून ठाऊक होते. परळला लवजी कॅसलच्या आवारात वाडिया मूव्हीटोनचा स्टुडिओ होता. तेथून १९३५ मध्ये 'हंटरवाली' निघाला, पुढल्या वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'. नादिया धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करी, आणि अशी साहसे ती स्वतः करते ही तिची ख्याती होती. अशा दृश्यात प्रेक्षक काय पाहतो? नायिका आणि संकट एकाच चौकटीत आहेत की नाहीत, हे तो पाहतो. एका तुकड्यात गाडी, दुसऱ्यात बाईंचा चेहरा, तिसऱ्यात पुन्हा गाडी असे दाखवले, की पिटातला गडी ओळखतो, की येथे काहीतरी काळेबेरे आहे. पुढे आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकाने हेच सूत्र शास्त्रीय भाषेत मांडले. ज्या प्रसंगाचा जीव दोन गोष्टी एकत्र असण्यात आहे, तेथे जोडकाम निषिद्ध. 'द सर्कस' (१९२८) मध्ये चॅप्लिन आणि सिंह एकाच पिंजऱ्यात एकाच वेळी दिसतात म्हणूनच आपण हसता हसता दचकतो. अखंड चित्रण ही एक साक्ष असते. 'हे खरोखर घडले' असे ते सांगते, आणि ज्याने आयुष्यभर अंगमेहनत केली आहे त्याला खऱ्या श्रमाची पारख असते.

दरम्यान बोलपट येऊन ठेपला होता. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' झळकला. जवळून जाणाऱ्या आगगाड्यांच्या आवाजामुळे चित्रण बहुतांशी रात्री, गाड्या थांबल्यावर करावे लागले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. तिच्यामागील तांत्रिक कारण मात्र फारसे कोणी सांगत नाही. इराणींच्या तानार यंत्रात चित्र आणि आवाज एकाच फिल्मपट्टीवर एकाच वेळी नोंदले जात, आणि तेही एकमेकांपासून थोड्या अंतराने. त्यामुळे चित्राच्या हिशेबाने कात्री लावली की आवाज तुटे, आवाजाच्या हिशेबाने लावली की चित्र बिघडे. शिवाय नट स्वतः गात असे, आणि वादक चौकटीच्या बाहेर, कोठे तरी आडोशाला बसून साथ करीत. मध्येच चुकले तर सारे पहिल्यापासून. मूकपटाने पंधरा-वीस वर्षांत मिळवलेले कात्रीचे स्वातंत्र्य ध्वनीने एका रात्रीत काढून घेतले, आणि अखंड चित्रण पुन्हा एकवार नाइलाज झाले. 'आलम आरा'ची एकही प्रत आज शिल्लक नाही.

पण नाइलाजातूनही सौंदर्य निपजते. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) पुण्यात तयार झाला; मुंबईच्या प्रेक्षकांनी मात्र त्याला आपलाच मानले आणि वर्षाहून अधिक काळ तो येथे चालला. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन होते, आणि तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस स्वतः गाणारे होते. चित्रपटाच्या आरंभी तुकोबा डोळे मिटून बसलेले आहेत आणि अभंग चालला आहे. कॅमेरा घाई करीत नाही. गाणारा आणि दिसणारा एकच आहे. गळ्याची शीर आणि स्वर यांत अंतर नाही. त्यानंतर सालोमालो तीच रचना स्वतःच्या नावावर खपवताना दिसतो, आणि खरे व नकली यांतील भेद प्रेक्षकाला शब्दावाचून कळतो. पहिल्या दृश्यात आपणांस पुरेसा वेळ मिळालेला असतो, म्हणूनच दुसऱ्यातील लबाडी खुपते. कीर्तनात निरूपणाचा जम बसल्याशिवाय आख्यान रंगत नाही, त्यातलाच हा प्रकार. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाची वाखाणणी झाली.

याचा अर्थ कॅमेरा लांबवला की कला साधली, असा मात्र नव्हे. त्याच १९३७ साली बालगंधर्वांचा 'साध्वी मीराबाई' आला. बाबूराव पेंटरांसारखा कलावंत दिग्दर्शक होता. पण रंगभूमीवरचे नाटकच जवळजवळ त्या रूपात पडद्यावर आणले गेले, आणि प्रेक्षकाने पाठ फिरवली. ज्या प्रेक्षकाने नाट्यगृहात पहाटेपर्यंत बसून 'वन्स मोअर' दिले, तोच चित्रगृहात कंटाळला. कारण उघड आहे. नाट्यगृहात आपली नजर मोकळी असते. ती आपण नटावरून प्रॉम्प्टरच्या पडद्यापर्यंत कोठेही नेऊ शकतो, आणि नट आपल्या दाद देण्याला उत्तर देतो. पडद्यावरचा नट उत्तर देत नाही. तेथे लांबलेल्या दृश्यात नजरेला फिरावयास जागा, आत खोली, पुढे-मागे काही घडामोड ठेवावी लागते. ती नसेल तर अखंड चित्रण म्हणजे नुसती कॅमेऱ्याची डुलकी!

याच सुमारास पार्श्वगायनाची पद्धत रूढ झाली. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ती आणली आणि लवकरच मुंबईने उचलली. गाणे आधी ध्वनिमुद्रित करावयाचे, आणि मग नटाने नुसते ओठ हलवावयाचे. आता गाण्याची एक ओळ बागेत, दुसरी तळ्याकाठी, तिसरी गच्चीवर घेता येऊ लागली. आवाज अखंड राहिला, म्हणून चित्र निर्धास्तपणे तुटू शकले. आपल्या चित्रपटांतील गाणी तुकड्यातुकड्यांची का असतात, याचे मूळ येथे आहे.

त्यात युद्ध आले. कच्ची फिल्म सारी परदेशातून येई; तिच्यावर सरकारी नियंत्रण बसले आणि १९४२ मध्ये चित्रपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घातली गेली. येथे थोडा हिशेब केला पाहिजे. बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट या गतीने धावते. पाच मिनिटांचा टेक घ्यावयाचा तर ४५० फूट फिल्म लागते. चौथ्या मिनिटाला एखाद्या नटाची जीभ अडखळली की साडेतीनशेहून अधिक फूट गेले! तेच दृश्य वीस तुकड्यांत घेतले तर चुकीची किंमत वीस-पंचवीस फूट. निर्मात्याने काय निवडले असेल हे सांगावयास नको. पुढे मोठे नट एका कंपनीचे नोकर राहिले नाहीत. एकाच दिवशी दोन-तीन स्टुडिओंतून ते फिरू लागले. दादरला रणजित, परळला कारदार आणि राजकमल, असे स्टुडिओ जवळजवळ होतेच. दोन नट एका वेळी एका जागी मिळण्याची मारामार, तेथे त्यांना एका चौकटीत पाच मिनिटे कोण ठेवणार? एकाचा चेहरा सोमवारी, दुसऱ्याचा गुरुवारी. कात्रीने ते दोघे पडद्यावर समोरासमोर आणले.

कात्री वाईट, असे आम्हांला मुळीच म्हणावयाचे नाही. १९४२ मध्ये वाडियांच्याच जागेत राजकमल कलामंदिर थाटणारे व्ही. शांताराम हे तर जोडकामाचे मोठे जाणकार. प्रभातमध्ये असताना 'अमृतमंथन' (१९३४) मध्ये त्यांनी राजगुरूचा एक डोळा साऱ्या पडद्यावर पसरला होता. तो डोळा एकटा कापून काढल्यामुळेच प्रेक्षकाला भयंकर वाटला. कात्री आपल्याला काय पाहावे ते सांगते. अखंड चित्रण, पाहा, असे म्हणून गप्प बसते. दोहोंचे आपापले काम आहे. फक्त एवढेच, की पन्नास-साठ वर्षे आपल्या पडद्यावर पहिलीचेच राज्य चालले आणि दुसऱ्याला सवत समजले गेले.

परदेशात मात्र याच काळात या कलेचा नव्याने विचार झाला. हिचकॉकने 'रोप' (१९४८) दहा-दहा मिनिटांच्या टेकमध्ये घेतला. दहा मिनिटे ही मर्यादा पुन्हा यंत्राचीच होती. कॅमेऱ्यात हजार फुटांचे रीळ मावे आणि ते अकरा मिनिटांत संपे. जोड लपवण्यासाठी तो कॅमेरा एखाद्याच्या पाठीजवळ नेई आणि पडदा क्षणभर काळोखात जाई. हंगेरीच्या यांचोने जमावाच्या हालचालींसह कॅमेरा नाचवला. त्याचा परिणाम मराठीतही एका ठिकाणी ठळक दिसतो. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' वर १९७६ मध्ये चार तरुण दिग्दर्शकांनी, मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांनी, सहकारी तत्त्वावर चित्रपट केला. त्याच्या शेवटी जवळजवळ एक अख्खे रीळ, सुमारे दहा मिनिटे, कॅमेरा न थांबता चालतो. नाटकात माणसांची भिंत उभी राही. चित्रपटात त्या भिंतीतून फिरण्याचे काम कॅमेऱ्याने केले. फार थोड्यांनी तो पाहिला, तरी 'पुंडलिक'पासून चालत आलेला प्रश्न येथे सुटला. नाटक पडद्यावर आणावयाचे ते खुर्चीवर बसून नव्हे, रंगमंचावर चढून.

आणि मग २०१४ साली चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' आला. व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार, त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक, ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका, हे सारे वृत्तपत्रांतून आलेच आहे. आम्हांला त्याची रीत पाहावयाची आहे. नारायण कांबळे नावाचा वयस्क लोकशाहीर. त्याच्या गाण्यामुळे एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली, असा त्याच्यावर आरोप. भूमिका वीरा साथीदार यांची, संगीत संभाजी भगत यांचे. मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतेक वेळ एके जागी, थोड्या अंतरावर उभा असतो. साक्षीदार बोलतो, वकील हरकत घेतो, न्यायाधीश ते सारे आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात, पुढची तारीख पडते. कोणी कोणाचा चेहरा मोठा करून दाखवीत नाही.

आपल्या चित्रपटांतील न्यायालय आपणांस चांगले परिचयाचे आहे. तेथे टेबलावर मूठ आपटते, कॅमेरा तीन वेळा चेहऱ्यावर झेपावतो आणि निकाल त्याच दिवशी लागतो. खऱ्या न्यायालयात हेलपाटे घातलेल्या माणसाला विचारा. तेथील शिक्षा निकालात नसते, वाट पाहण्यात असते. ही वाट तुकड्यांत दाखवता येत नाही, कारण कात्रीचा धर्मच वाट पाहणे गाळून टाकण्याचा आहे. मृत कामगाराची बायको साक्ष देते. नवऱ्याला सुरक्षेची साधने नव्हती, एक डोळा गेलेला होता, उतरण्यापूर्वी तो दारू घेई, हे ती कोरड्या आवाजात सांगते. ही भूमिका करणारी स्त्री व्यावसायिक नटी नव्हे. कॅमेरा तिच्याकडून हलत नाही, संगीत मदतीला येत नाही, आणि अश्रू ढाळून मोकळे होण्याची सोय आपल्याला मिळत नाही. ऐकणे भाग पडते. अखेरीस न्यायालयाला उन्हाळी सुटी लागते. दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात, दार बंद होते, आणि कॅमेरा त्या अंधारातच उभा राहतो. आता दुसरे काही दाखवतील म्हणून आपण थांबतो. पण तुरुंगात असलेल्या माणसालाही त्या वेळी दुसरे काही दिसत नसते.

सावेदादांच्या कॅमेऱ्याने कुस्ती अखंड टिपली, कारण त्याला दुसरे काही येत नव्हते. ताम्हाण्यांच्या कॅमेऱ्याला सर्व काही येत होते. त्याने ते नाकारले. पडद्यावर दोन्ही चित्रे सारखीच स्थिर दिसतील, पण त्यांत शंभर वर्षांचे अंतर आहे. मुका असणे निराळे आणि मौन धरणे निराळे. ताम्हाण्यांच्याच 'द डिसायपल' (२०२०) मध्ये, जो व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळवून आला, शास्त्रीय गायनाच्या मैफली अशाच निवांत चित्रित झाल्या आहेत. गायकाचा स्वर डगमगतो तो क्षण तेथे कापून टाकलेला नाही. उलट तो दिसावा म्हणूनच कॅमेरा थांबलेला आहे. मंदाकिनी फाळक्यांच्या चेहऱ्यावर जे तत्त्व दिसले, तेच येथे गळ्यावर दिसते.

आता यंत्राची मर्यादा उरलेली नाही. सोकुरोव्हने पीटर्सबर्गच्या राजवाड्यात 'रशियन आर्क' (२००२) हा ९६ मिनिटांचा संपूर्ण चित्रपट एका टेकमध्ये घेतला, तो फिल्म सोडून संगणकाच्या तबकडीवर चित्रण केल्यामुळे. आज लालबागच्या गणपतीच्या विसर्जनाला गेलेला कोणीही मुलगा खिशातल्या फोनवर अर्धा तास अखंड चित्रण करतो. त्याला एक फूटही फिल्म लागत नाही. मग त्याला आपण कला म्हणावी काय? आमचे उत्तर असे, की तो पुन्हा लुमिएरच्या जागी येऊन उभा राहिला आहे. कापले नाही म्हणजे निवडले, असे होत नाही. कोठे उभे राहावे, कोणाला चौकटीत ठेवावे, आणि कोणत्या क्षणी थांबावे, हे ज्याने ठरवले त्याचेच चित्रण खरे अखंड. तरीही त्या मुलाचे चित्रण जपून ठेवावे असे आम्ही सुचवू. गिरण्यांचे भोंगे थांबले, चाळी उतरल्या, ज्या चित्रगृहांत हा इतिहास घडला त्यांतली बहुतेक नाहीशी झाली. कथाचित्रपटांतून या वस्तीचे तुकडे सापडतात. पण कामाची पाळी सुटल्यावर रस्ता माणसांनी कसा भरे आणि कसा ओसरे, याचा एक न तुटलेला मिनिट शोधू गेल्यास हाताला फार थोडे लागते.

पुढच्या वेळी चित्रपट पाहताना प्रेक्षकांनी एक लहानसा प्रयोग करावा. एखादे दृश्य लांबते आहे असे वाटले, की चुळबुळ करण्यापूर्वी मनात आकडे मोजावेत. वीसपर्यंत गेलात आणि कॅमेरा अजून तेथेच असला, तर दिग्दर्शक थकला आहे की थांबला आहे, हे चौकटीत नीट शोधून पाहावे. मागे कोणी उभे असेल, खिडकीतून काही दिसत असेल, बोलणाऱ्याचा हात काही निराळेच सांगत असेल. तेथे काहीच नसेल, तर खुशाल कंटाळावे. तो प्रेक्षकाचा हक्क आहे, आणि 'साध्वी मीराबाई'च्या वेळी याच शहराने तो बजावला होता. आणि काही सापडले, तर ते आपले आपण शोधलेले असेल, कात्रीने दाखवलेले नसेल.